सहा मिनिटांत फुटलेला बांध



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, कीड-रोग आणि पाणी यांविषयी बोलतो. आज मात्र फुटबॉलविषयी बोलायचे आहे. "साहेबांना आता हे काय सुचले?" असे कोणी म्हणेल. पण घरातली तरुण मुले हल्ली रात्र-रात्र जागून परदेशातले सामने पाहतात. कोल्हापूरकडच्या वाचकांना तर हे सांगायलाच नको. तिथल्या तालमींचे फुटबॉल संघ आणि त्यांच्यातली चुरस जुनी आहे. विश्वचषक आला की तिथे गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. शिवाय कबड्डीचा म्हणा, व्हॉलीबॉलचा म्हणा, एखादा संघ बहुतेक गावांत असतोच, आणि तो कधी ना कधी हरतोच. हरल्यावर पारावर काय चर्चा होते ते तुम्हांला ठाऊक आहे. पहिला प्रश्न असतो, "कुणामुळे हरलो?" माझे म्हणणे एवढेच आहे की त्याआधी "कुठून हरलो?" हे विचारावे. हे नीट कळावे म्हणून एका नामांकित संघाचा मोठा पराभव आज आपण उलगडून पाहू.

काय घडले?

तारीख ८ जुलै २०१४. ब्राझील देशातले बेलो होरिझोन्ते शहर आणि तिथले मिनेराव नावाचे मैदान. विश्वचषकाची उपांत्य फेरी, ब्राझील विरुद्ध जर्मनी. ब्राझील म्हणजे फुटबॉलमधले थोर घराणे. १९५८, १९६२, १९७०, १९९४ आणि २००२ असा पाच वेळा त्यांनी विश्वचषक जिंकलेला होता. त्यात स्पर्धा त्यांच्याच देशात. मैत्रीचे सामने सोडले तर स्वतःच्या भूमीवर ते १९७५ नंतर हरले नव्हते. म्हणजे ३९ वर्षे.

त्या दिवशी ब्राझील १-७ असे हरले. पहिला गोल ११व्या मिनिटाला झाला. मग २३व्या, २४व्या, २६व्या आणि २९व्या मिनिटाला आणखी चार. अर्धा तास भरायच्या आत पाच गोल! मैदानात लहान मुले आईबापांना बिलगून रडत होती. उत्तरार्धात ६९व्या आणि ७९व्या मिनिटाला आणखी दोन गोल झाले. अगदी शेवटी ९०व्या मिनिटाला ब्राझीलच्या ऑस्करने एक गोल परत केला, पण त्याने कुणाचेच समाधान होणार नव्हते.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटे खेळूनही पुष्कळदा एकही गोल होत नाही. तिथे विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत सात गोल खाणे म्हणजे एका पावसात अख्खे शिवार वाहून जाण्यासारखे आहे.

संघ म्हणजे उताराचे रान

संघाची मांडणी समजायला आपण उताराच्या रानाचे उदाहरण घेऊ. तुमच्या रानाला वरून खाली तीन-चार बांध आहेत. पाऊस जोराचा झाला की वरचा बांध पाण्याचा वेग मोडतो. राहिलेले पाणी मधला बांध अडवतो. म्हणून खालच्या बांधावर बेताचाच भार येतो आणि तो टिकतो. वरचा बांध फुटला की सगळे पाणी एकदम खाली येते. मग खालचा बांध कितीही पक्का असला तरी त्याचे काही चालत नाही.

फुटबॉलच्या संघातही असेच असते. अगदी खाली गोलरक्षक, म्हणजे घराचा दरवाजा. त्याच्या पुढे चौघांची बचावफळी: दोघे मध्ये आणि दोघे दोन बगलांना. त्यांच्या पुढे मधली फळी आणि शेवटी आघाडीचे गडी. चेंडू गेला की प्रत्येक फळीने प्रतिपक्षाचा वेग थोडा थोडा मोडायचा असतो. गोल झाला की आपण गोलरक्षकाला आणि बचावफळीला दोष देतो, पण पाणी बहुधा वरच सुटलेले असते.

दोन माणसे नव्हती, हे खरे

सामन्यानंतर ब्राझीलमध्ये सर्वांत आधी हेच बोलले गेले की दोन मोहरे नव्हते. ते खरेही होते. ४ जुलैला कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात नेमारच्या पाठीत प्रतिस्पर्ध्याचा गुडघा बसला आणि मणक्याचे हाड मोडले. त्याच सामन्यात कर्णधार थियागो सिल्वाला पिवळे कार्ड मिळाले. कोलंबियाचा गोलरक्षक हातातला चेंडू पायाने मारत असताना हा मध्ये आडवा गेला. काहीच गरज नव्हती. स्पर्धेतले ते त्याचे दुसरे कार्ड ठरले आणि नियमाप्रमाणे पुढचा सामना हुकला.

जर्मनीविरुद्धच्या सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळी ब्राझीलच्या खेळाडूंनी नेमारचा सदरा हातात धरला होता. सगळ्या देशाचे मन त्या एका गड्याभोवती गुंतले होते. पण मंडळी, विचार करा. नेमार गोल करणारा गडी. तो असता तर ब्राझीलचे गोल कदाचित वाढले असते. ब्राझीलने सात गोल खाल्ले ते का, याचे उत्तर त्याच्या गैरहजेरीत सापडत नाही.

थियागो सिल्वाचे न असणे मात्र जास्त महागात पडले. तो बचावफळीचा नुसता पहारेकरी नव्हता, कारभारी होता. कुणी पुढे जायचे, कुणी मागे थांबायचे, हे ओरडून सांगणारा. त्याच्या जागी दांते आला. हा चांगला खेळाडू, जर्मनीतल्याच बायर्न म्युनिक क्लबात खेळणारा. कर्णधारपद डेव्हिड लुईझकडे गेले. तो धाडसी गडी, पण चेंडू घेऊन पुढे धावत सुटण्याची त्याची खोड होती. घरातला कारभारी परगावी गेल्यावर धाकट्याने वाड्याच्या किल्ल्या घ्याव्यात आणि त्यानेही जत्रेला निघून जावे, असे काहीसे झाले.

आता नेमारच्या जागी कुणाला घ्यायचे हा प्रश्न प्रशिक्षक लुईज फेलिपे स्कोलारी यांच्यापुढे होता. जर्मनीच्या मधल्या फळीत श्वाइनस्टायगर, खेदिरा आणि क्रूस हे तीन खंदे गडी होते. ब्राझीलकडे मधल्या जागी लुईझ गुस्ताव्हो आणि फर्नांडिन्हो असे दोघेच. तिथे तिसरा माणूस घालून बांध जाड करता आला असता. स्कोलारींनी बर्नार्ड हा आघाडीचा चपळ पोरगा घेतला. म्हणजे गोल करणाऱ्याच्या जागी गोल करणाराच आला आणि मधले रान मोकळेच राहिले.

एकेक गोल पाहा

आता पहिल्या पाच गोलांचा पंचनामा करू.

पहिला गोल. जर्मनीच्या क्रूसने कोपऱ्यावरून चेंडू उचलून दिला. म्यूलरला धरण्याचे काम डेव्हिड लुईझचे होते. तो गर्दीत अडकला आणि म्यूलर मोकळा सुटला. त्याची जागा भरायला दुसरा कुणी सरकला नाही. म्यूलरने आरामात चेंडू जाळ्यात मारला.

दुसरा गोल. जर्मनीचे गडी ब्राझीलच्या मधल्या फळीतून सरळ आत आले. क्लोझचा पहिला फटका गोलरक्षक ज्युलिओ सीझरने अडवला, पण परत आलेल्या चेंडूवर ब्राझीलचा एकही गडी पोहोचला नाही. क्लोझनेच पुन्हा मारला. विश्वचषकातला तो त्याचा १६वा गोल होता. ब्राझीलच्याच रोनाल्डोचा १५ गोलांचा विक्रम त्या क्षणी मोडला.

तिसरा गोल. जर्मनीचा लाम उजव्या बगलेने पुढे आला. ही बगल ब्राझीलच्या मार्सेलोच्या राखणीतली. लामने चेंडू आत दिला, म्यूलरचा पाय हुकला, पण मागे क्रूस एकटा उभा होता. त्याच्या आसपास कुणी नव्हते. ती जागा मधल्या फळीने राखायची.

चौथा गोल. हा सर्वांत शिकण्यासारखा. गोल खाल्ल्यावर चेंडू ब्राझीलकडेच येतो, मधल्या रेषेवरून खेळ पुन्हा सुरू होतो. ब्राझीलने घाईने खेळ सुरू केला. आपल्याच अर्ध्यात फर्नांडिन्होच्या पायातून क्रूसने चेंडू काढून घेतला, खेदिराशी देवघेव केली आणि गोल केला.

पाचवा गोल. खेदिरा आणि ओझिल यांनी ब्राझीलच्या गोलसमोर एकमेकांना चेंडू दिला-घेतला, जणू सरावच चालला आहे. बचावफळीत चार माणसे उभी होती, पण फळी उरली नव्हती.

कबड्डी खेळणारे हे लगेच ओळखतील. हातात हात धरून साखळी असते तोवर चढाई करणाऱ्याला धाक असतो. हात सुटले की माणसे सातच असतात, पण तो सातांमधून निघून जातो.

ती सहा मिनिटे

दुसऱ्या गोलापासून पाचव्या गोलापर्यंत जेमतेम सहा मिनिटे गेली. या सहा मिनिटांत ब्राझीलने काय करायला हवे होते?

बांधाला भगदाड पडल्यावर जाणता शेतकरी वाहून गेलेली माती गोळा करायला खाली धावत नाही. तो आधी भगदाडाशी जातो. दगड, गोणपाट, पालापाचोळा, हाताशी असेल ते टाकून पाण्याचा जोर मोडतो. गेलेल्या मातीचा हिशोब पाऊस उघडल्यावर होतो.

ब्राझीलने उलट केले. प्रत्येक गोलानंतर तो लगेच फेडायला सगळे पुढे धावले. बगलेचे दोन्ही रक्षक, मार्सेलो आणि मायकॉन, पुढे. मधली फळी पुढे. कर्णधार स्वतः पुढे. मागे उरले दोन-तीन जण आणि समोर मोकळे रान. दोन गोल खाल्ल्यावर दहा मिनिटे मागे सरून एकत्र उभे राहिले असते, चेंडू आपसांतच फिरवला असता, तर सामना कदाचित हरले असते, पण १-७ झाले नसते. फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला कबड्डीसारखा 'टाइम आउट' मागता येत नाही. म्हणून ही गोष्ट मैदानातल्या माणसांना आधीच पढवून ठेवावी लागते. ती पढवलेली दिसली नाही.

मध्यंतरानंतर स्कोलारींनी पावलिन्हो आणि रामिरेस हे मधल्या फळीचे गडी आत घेतले. त्यानंतर ब्राझीलने चांगले हल्ले केले आणि जर्मनीच्या नॉयर या गोलरक्षकाला सलग चेंडू अडवावे लागले. म्हणजे औषध माहीत होते. ते रोग हाताबाहेर गेल्यावर दिले गेले. आणि सहावा गोल पुन्हा लामच्याच बगलेने आला.

रोगाची लक्षणे आधीच दिसली होती

शेतात कीड एका रात्रीत येत नाही. आपल्याला ती एका सकाळी दिसते एवढेच. ब्राझीलचेही तसेच होते.

स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात क्रोएशियाने त्यांच्या उजव्या बगलेमागच्या मोकळ्या जागेतून चेंडू आत टाकला. तो मार्सेलोच्या पायाला लागून ब्राझीलच्याच जाळ्यात गेला. ब्राझील तो सामना ३-१ जिंकले, म्हणून मोकळी बगल विसरली गेली. २८ जूनला चिलीविरुद्ध हल्कने आपल्याच अर्ध्यात ढिला चेंडू दिला, चिलीने तो हिसकावला आणि गोल केला. फर्नांडिन्होच्या हातून जे पुढे झाले ते इथे आधीच घडून गेले होते. त्याच सामन्यात जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी चिलीचा एक फटका आडव्या खांबावर आदळला. चार बोटे खाली असता तर ब्राझील तिथेच बाद झाले असते. पेनल्टीवर ते जिंकले आणि देशाने सुटकेचा श्वास टाकला. विजयाने लक्षणे झाकली गेली.

आणखी एक गोष्ट सांगतो. हेच स्कोलारी २००२ साली ब्राझीलचे प्रशिक्षक होते आणि अंतिम सामन्यात त्यांनी जर्मनीलाच २-० हरवले होते. तेव्हाही काफू आणि रॉबेर्तो कार्लोस हे बगलेचे गडी सतत पुढे धावत. पण मागे मध्यभागी दोघांऐवजी तिघे उभे केलेले असत. धावणाऱ्याची जागा राखायला माणूस होता. त्या स्पर्धेत सात सामन्यांत ब्राझीलने फक्त चार गोल खाल्ले. २०१४ साली सात सामन्यांत चौदा खाल्ले. पुढे जाणे वाईट नाही. जाणाऱ्याची जागा कुणी धरायची हे ठरलेले नसणे वाईट.

जर्मनीने काय केले?

जर्मनीही काही निर्दोष नव्हता. ३० जूनला अल्जेरियाने त्यांची दमछाक केली. तो सामना जादा वेळेत कसाबसा २-१ असा सुटला. जर्मनीचे प्रशिक्षक योआखिम लोव्ह यांनी "जिंकलो ना, मग झाले" असे म्हटले नाही. मधल्या फळीत खेळणाऱ्या कर्णधार लामला त्यांनी उजव्या बगलेला नेले. फ्रान्सविरुद्ध ही मांडणी चालली आणि जर्मनी १-० जिंकले. पुढच्या सामन्यात ब्राझीलविरुद्धचा तिसरा आणि सहावा गोल याच लामच्या पायातून निघाला.

त्याहून मोठी दुरुस्ती चौदा वर्षांपूर्वीची. २००० सालच्या युरोपीय स्पर्धेत जर्मनी आपल्या गटात तळाला राहिले होते. तीन सामन्यांत एक गुण. तेव्हा त्यांनी मुळापासून काम हाती घेतले. पुढच्या एक-दोन वर्षांत वरच्या दोन श्रेणींतल्या प्रत्येक व्यावसायिक क्लबाला मुलांसाठी प्रशिक्षण केंद्र चालवणे सक्तीचे केले. देशभर साडेतीनशेहून अधिक ठिकाणी सरावाची सोय उभी केली. क्रूस आणि म्यूलर तेव्हा दहा-दहा वर्षांचे होते. पराभवानंतर जमिनीत शेणखत घातले आणि त्याचे पीक २०१४ साली हाती आले. १३ जुलैला अर्जेंटिनाला १-० हरवून जर्मनीने विश्वचषक उचलला. ब्राझील त्याच्या आदल्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात नेदरलँड्सकडून ०-३ हरले होते.

बारबोझाची गोष्ट

आता "कुणामुळे?" या प्रश्नाचे काय होते ते पाहा. १६ जुलै १९५० रोजी रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून १-२ हरले. बरोबरी झाली असती तरी विश्वचषक त्यांचाच होता. दुसरा गोल उरुग्वेच्या घिग्गियाने केला आणि सगळ्या देशाने बोट दाखवले गोलरक्षक बारबोझाकडे. बारबोझा त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक. पण तो २००० साली वारला तोवर, म्हणजे पन्नास वर्षे, त्या गोलाचा डाग त्याच्या कपाळावर राहिला.

प्रत्यक्षात काय झाले होते? ६६व्या मिनिटाला घिग्गिया ब्राझीलच्या डाव्या बगलेने, बिगोडेला चुकवून आत आला आणि त्याच्या चेंडूवर शियाफिनोने गोल केला. ७९व्या मिनिटाला तोच घिग्गिया त्याच बगलेने पुन्हा आला. तेरा मिनिटांत एकाच जागी बांध दोनदा फुटला, आणि मधल्या वेळात त्या जागेवर दुसरा माणूस नेला गेला नाही. यात दरवाजावर उभ्या असलेल्या एकट्या बारबोझाचा दोष किती?

पुढे ब्राझीलच्या खेळाने मागे चार माणसांची पक्की फळी स्वीकारली. १९५८ साली स्वीडनमध्ये प्रशिक्षक फिओला यांच्या संघात आघाडीचा झागालो हासुद्धा चेंडू गेला की मागे येऊन मधल्या फळीला हात देई. त्या संघाने पहिल्या चार सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही आणि विश्वचषक जिंकला. लोकांना त्या वेळचा सतरा वर्षांचा पेले आठवतो. चार सामने बंद राहिलेला दरवाजा फारसा कुणी आठवत नाही.

२०१४ नंतर मात्र बोट दाखवण्याचीच सवय पुन्हा वर आली. ६ जुलै २०१८ रोजी विश्वचषकात ब्राझील बेल्जियमकडून १-२ हरले. त्या दिवशी मधल्या फळीचा राखणदार कासेमिरो कार्डांमुळे बाहेर होता. त्याच्या जागी फर्नांडिन्हो आला. एक चेंडू त्याच्याच अंगाला लागून आत गेला. दुसरा गोल असा झाला की ब्राझीलचे गडी कोपऱ्यावरच्या चेंडूसाठी पुढे गेले होते आणि बेल्जियमने मोकळ्या रानातून धाव घेतली. सामन्यानंतर फर्नांडिन्होला आणि त्याच्या घरच्यांना वर्णावरून शिवीगाळ झाली. ९ डिसेंबर २०२२ रोजी क्रोएशियाविरुद्ध जादा वेळेत ब्राझील १-० पुढे होते. शेवटची चार-पाच मिनिटे राहिली असताना त्यांची बरीच माणसे पुढेच होती. क्रोएशियाने उलट धाव घेऊन ११७व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि पेनल्टीवर सामना जिंकला. २०१४, २०१८ आणि २०२२, तिन्ही वेळा माणसे बदलली होती. भगदाड त्याच जागी होते.

आपल्या रानात

हे वाचताना कापूस पिकवणाऱ्यांना २०१७ चा खरीप आठवला असेल. आपण बीटी बियाण्यावर नेमारसारखे विसंबलो होतो. पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे कडेने लावण्यासाठी येत होते. पुष्कळांनी ते लावलेच नाही. कामगंध सापळे लावले नाहीत, फरदड ठेवली. गुलाबी बोंडअळीला बीटीचे विष पचू लागल्याची लक्षणे त्याआधीच दिसू लागली होती. कुठल्याही एका पिकाचा, एका वाणाचा, एका माणसाचा आधार निसटला तर मागे काय आहे, हे पेरणीच्या आधी ठरवावे लागते.

घरातही हेच आहे. पीक बुडाले, कर्ज थकले की बोट एका माणसाकडे जाते. कधी धाकट्या भावाकडे, कधी सुनेकडे, कधी स्वतःकडेच. असे बोट माणसाला आतून पोखरते आणि भगदाड तसेच राहते. तुमच्या घरी असे बोलणे सुरू झाले तर वडीलधाऱ्यांनी ते थांबवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता गावच्या संघासाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी चार कामे सांगतो.

१. हरलेल्या दिवशी कुणाचाही निवाडा करू नका. मुलांना जेवू द्या, झोपू द्या.

२. दुसऱ्या दिवशी मातीत मैदान आखा आणि खडे मांडून प्रत्येक गोल पुन्हा खेळा. शेवटी कुणाचा पाय चुकला हे सोडा. चेंडू पहिल्यांदा कुठे गमावला आणि तेव्हा कोणती जागा रिकामी होती, ते पाहा.

३. बगलेचा गडी पुढे गेला की त्याची जागा कोण धरणार, ते नावानिशी ठरवा. कर्णधार नसेल तर ओरडून सांगणारा दुसरा कोण, तेही ठरवा.

४. गोल खाल्ल्यावर पहिली पाच मिनिटे फेडाफेडी नाही, असा दंडक घाला. सगळ्यांनी जागेवर यायचे, चेंडू आपल्याकडे ठेवायचा, श्वास घ्यायचा आणि मग पुढे जायचे.

आणि सामना जिंकलात तरी दुसरे काम चुकवू नका. चिलीविरुद्धच्या रात्री ब्राझीलने खडे मांडले असते, तर दहा दिवसांनी त्याच मैदानावर मुले रडली नसती.

पुढच्या अंकात बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासायची ते पाहू. तोवर उताराच्या रानातले बांध एकदा फिरून बघा. उंदरांची बिळे, गुरांच्या वाटा, दबलेली माती दिसली तर पावसाआधी बुजवा.